शुद्धिपत्र कोण काढणार? : घरच्या राऊटरमधील फर्मवेअरची निवड

अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी तास संपल्यावर मागे थांबून विचारले, "सर, घरच्या वायफायच्या राऊटरमध्ये कंपनीचे फर्मवेअर ठेवावे, की ते काढून दुसरे भरावे? माझा मावसभाऊ म्हणतो, कंपनीचे अगदीच टाकाऊ असते." मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न सोपा वाटला, तरी 'हे चांगले, ते वाईट' अशा एका वाक्यात संपणारा तो नव्हता.

या विषयावर जे लिहिले जाते, ते बहुधा दोन रकान्यांच्या तक्त्यासारखे असते. एका रकान्यात कंपनीचे फर्मवेअर, दुसऱ्यात पर्यायी फर्मवेअर, आणि खाली सोयींची यादी: जाहिराती अडवता येतात का, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते का, कोणत्या यंत्राने किती माहिती ओढली हे दिसते का. ज्या रकान्यात खुणा अधिक, तो जिंकला! पाने आणि चित्रे मोजून पाठ्यपुस्तक निवडावे, तसा हा प्रकार आहे. आपण शिक्षक पुस्तक पारखताना आणखी एक गोष्ट पाहतो. पुस्तकात चूक निघाली, तर शुद्धिपत्र कोण काढणार, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचणार का? राऊटरच्या बाबतीतही खरा प्रश्न हाच आहे, असे माझे मत आहे. ते मत पटण्याजोगे आहे का, हे आपण क्रमाने पाहू.

डब्यात काय असते?

राऊटर हा एक लहानसा संगणकच आहे. त्यात प्रक्रियक असतो, काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती असते, आणि वीज गेली तरी मजकूर टिकवणारी फ्लॅश स्मृती असते. शिवाय रेडिओलहरी सोडणारा आणि ऐकणारा एक भाग असतो. फ्लॅश स्मृतीत जी आज्ञावली भरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. बाहेरून आलेला माहितीचा तुकडा घरातल्या कोणत्या यंत्राकडे पाठवायचा, कोणाला आत येऊ द्यायचे, लहरी कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने सोडायच्या, हे सारे ती ठरवते.

घरातल्या इतर संगणकांत आणि या संगणकात एक महत्त्वाचा फरक आहे. तो कोणाच्या नजरेसमोर नसतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. कपाटावर ठेवला की दिवे लुकलुकत आहेत ना, एवढेच आपण पाहतो. बिघडला तर कळते. पण कोणी परका आत शिरून बसला, तर दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत राहतात. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक आज्ञावलीची बातमी प्रसिद्ध झाली. ती किमान ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणांत शिरली असल्याचा अंदाज होता आणि त्यांत प्रामुख्याने घरगुती व लहान कचेऱ्यांमधले राऊटर होते. त्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसणार.

एका निळ्या-काळ्या डब्याची गोष्ट

पर्यायी फर्मवेअरचा इतिहास एका विशिष्ट राऊटरपासून सुरू होतो. अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीचा 'डब्ल्यूआरटी५४जी' हा राऊटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. दोन अँटेना असलेला निळ्या-काळ्या रंगाचा हा डबा होता. त्यात १६ मेगाबाइट तात्पुरती स्मृती आणि ४ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. २००३ मध्ये सिस्को कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी काही जाणकारांच्या लक्षात आले, की या राऊटरमधली आज्ञावली लिनक्सवर आधारलेली आहे.

येथे परवान्याचा मुद्दा येतो. लिनक्स ज्या परवान्याखाली मिळते, त्याचे नाव जनरल पब्लिक लायसन्स. तो सांगतो : ही आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, विकावीही; पण जो ती इतरांना देईल, त्याने तिची मूळ संहिताही द्यावी. मूळ संहिता म्हणजे माणसाला वाचता येईल अशा स्वरूपातली आज्ञावली. जाणकारांनी या अटीवर बोट ठेवले आणि कंपनीला २००३ मध्येच संहिता खुली करावी लागली. तिच्या आधारे २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प सुरू झाला. मूळ राऊटरच्या नावाची खूण त्याच्या नावात आजही आहे. 'डीडी-डब्ल्यूआरटी' हा दुसरा प्रसिद्ध प्रकल्प. त्यातली 'डीडी' ही अक्षरे जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या वाहनांच्या पाटीवरून घेतली आहेत.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. २००५ मध्ये याच राऊटरची पाचवी आवृत्ती आली. बाहेरून डबा तसाच होता, पण आत लिनक्सऐवजी दुसरी, बंदिस्त प्रणाली होती आणि दोन्ही स्मृती निम्म्यावर आणल्या होत्या : ८ आणि २ मेगाबाइट. स्वस्तात बनवण्यासाठी हे सोयीचे होते. पण पर्यायी फर्मवेअर वापरणाऱ्यांची अडचण झाली. मग कंपनीने त्यांच्यासाठी जुन्या रचनेचा डबा नावापुढे 'एल' हे अक्षर लावून स्वतंत्रपणे विकायला काढला. हा 'डब्ल्यूआरटी५४जीएल' लक्षात ठेवावा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कंपनीच्या फर्मवेअरचे माप

कंपनीच्या फर्मवेअरला सरसकट टाकाऊ म्हणणे अन्यायाचे आहे. डब्यातल्या प्रत्येक सुट्या भागाची माहिती कंपनीकडे असते. काही चिप बनवणारे आपल्या रेडिओभागाची चालक आज्ञावली खुली करत नाहीत. ब्रॉडकॉम कंपनीच्या अनेक चिप हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अशा राऊटरवर पर्यायी फर्मवेअर भरले, तर वायफाय मंदावते किंवा चालतच नाही. शिवाय कंपनीचे फर्मवेअर बिघडले, तर वॉरंटीच्या मुदतीत जाब विचारायला कोणीतरी असते.

दोष आहे तो शुद्धिपत्राचा. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये सात कंपन्यांच्या १२७ घरगुती राऊटरांचे फर्मवेअर तपासले. त्यांपैकी ४६ राऊटरांना आधीच्या वर्षभरात सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळाली नव्हती. बहुतेक राऊटर लिनक्सवरच चालणारे होते. परंतु एक तृतीयांशाहून अधिक राऊटरांमध्ये लिनक्सचा गाभा २.६.३६ या किंवा त्याहूनही जुन्या आवृत्तीचा होता, आणि त्या आवृत्तीची दुरुस्ती २०११ मध्येच थांबली होती. सर्वांत जुना गाभा कोणत्या डब्यात निघाला? आपल्या 'डब्ल्यूआरटी५४जीएल'मध्ये! त्याचा गाभा २००२ सालचा होता.

या निष्कर्षाकडे नीट पाहिले पाहिजे. ज्या राऊटरमुळे पर्यायी फर्मवेअरची चळवळ उभी राहिली, त्याचेच कंपनीचे फर्मवेअर अठरा वर्षे जुन्या पायावर उभे होते. लिनक्स लिहिणाऱ्यांनी मधल्या काळात असंख्य चुका शोधल्या आणि दुरुस्तही केल्या. शुद्धिपत्र छापले गेले होते, ते सर्वांना फुकट मिळत होते. फक्त ते या डब्यापर्यंत आणण्याचे काम कोणी केले नाही. कंपनीच्या फर्मवेअरवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यात चुका असतात हा नव्हे, कारण चुका सर्वत्र असतात. दुरुस्ती कधी थांबली, हे ती विकत घेणाऱ्याला सांगत नाही, हा आहे.

पर्यायी फर्मवेअरचे माप

आता दुसरी बाजू. पर्यायी फर्मवेअरचे चाहते कधीकधी असे बोलतात, की ते भरले म्हणजे साठ डॉलरचा डबा सहाशे डॉलरचा होतो. अशा दाव्यांपैकी एक तपासून पाहू, कारण तो भौतिकशास्त्राच्या तासाला उपयोगी आहे. दावा असा, की फर्मवेअर बदलून प्रक्षेपणाची शक्ती वाढवली, की वायफाय दूरवर पोहोचते.

मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून शक्ती दुप्पट केली, तर तेवढीच तीव्रता मिळण्याचे अंतर दुप्पट होत नाही; ते २ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १.४ पटच वाढते. अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट हवी. भिंती आल्या, की एवढाही लाभ राहत नाही. दुसरे असे, की संभाषण दोन बाजूंचे असते. राऊटर ओरडून बोलला, तरी मोबाइलचा आवाज पूर्वीइतकाच क्षीण राहतो आणि राऊटरला तो ऐकू येत नाही. तिसरे असे, की वर्धकाला त्याच्या ताकदीबाहेर ताणले, तर लहरींचा आकार बिघडतो आणि माहिती पोहोचण्याऐवजी अधिक चुकते. राऊटर घराच्या मध्यावर, जरा उंचावर ठेवल्याने बहुधा यापेक्षा अधिक फायदा होतो आणि त्याला फर्मवेअर बदलावे लागत नाही.

शक्तीचा प्रश्न घरापुरता नसतो, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. २००९ मध्ये प्वेर्तो रिकोतील सान हुआन येथे विमानतळाच्या हवामान रडारवर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बाहेर बसवलेल्या बिनतारी यंत्रांचा व्यत्यय आढळला होता. ही रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या जवळपास चालतात. म्हणून या पट्ट्यातील राऊटरने आधी कानोसा घ्यावा आणि रडारची चाहूल लागताच जागा सोडावी, असा नियम आहे. भारतातही २००५ पासून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा स्वतंत्र परवान्याशिवाय वापरता येतो. मात्र शक्तीची मर्यादा त्याला आहेच.

अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये या काळजीपोटी कंपन्यांना विचारले, की तुमच्या राऊटरमध्ये डीडी-डब्ल्यूआरटीसारखे फर्मवेअर भरता येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? यावर खूप टीका झाली आणि त्याच वर्षी आयोगाने खुलासा केला, की रोख फक्त रेडिओच्या मर्यादा मोडण्यावर आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीने याच आयोगाकडे दोन लाख डॉलर दंड भरला. गंमत अशी, की मर्यादा ओलांडण्याची वाट कंपनीच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये होती! आणि तडजोडीत कंपनीने कबूल केले, की पर्यायी फर्मवेअर चालावे यासाठी आपण प्रयत्न करू. नियम मोडण्याचा संबंध फर्मवेअरच्या जातीशी जोडणे किती फसवे आहे, हे यावरून दिसते.

संहिता खुली असली, की चुका राहत नाहीत, हा दुसरा समज. तोही तपासू. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नव्या आज्ञावली आणून बसवणारे एक साधन आहे. आणलेली आज्ञावली अस्सल आहे ना, हे ते तिच्या ठशावरून ताडून पाहते. २०१७ मध्ये या साधनात एक चूक शिरली. ठशाच्या आधी कोरी जागा आली, तर तो नीट वाचला जात नसे आणि पडताळणी गुपचूप वगळली जात असे. एका कोऱ्या जागेमुळे पहारेकरी झोपी गेला! संहिता सर्वांसमोर असूनही सुमारे तीन वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. २०२० च्या सुरुवातीला एका संशोधकाने चूक दाखवली आणि लगेच दुरुस्त आवृत्ती निघाली. खुली संहिता म्हणजे चूक नसण्याची हमी नव्हे. ज्याला हवे त्याला ती शोधता आणि सुधारता येते, एवढाच तिचा अर्थ. तेवढाही थोडा नाही.

जुना डबा पर्यायी फर्मवेअरमुळे कायमचा जगतो, हेही अर्धसत्य आहे. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट तात्पुरती स्मृती असलेल्या राऊटरांना ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ या आवृत्तीनंतर निरोप दिला. वाढता गाभा त्यांच्यात मावेना. म्हणजे येथेही शुद्धिपत्र एक दिवस थांबते. फरक असा, की ते थांबणार हे आधी जाहीर केले जाते.

माझी एक चूकही येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी मी घरच्या एका जुन्या राऊटरमध्ये पर्यायी फर्मवेअर भरले. मॉडेलचा क्रमांक जुळवला, पण खालच्या चिठ्ठीवरचा आवृत्तीचा आकडा पाहिला नाही. फाइल दुसऱ्या आवृत्तीची होती. डबा पुन्हा सुरू झालाच नाही, आणि घरातील सर्वांचे काम दोन दिवस अडले. यात दोष ना कंपनीचा, ना फर्मवेअर लिहिणाऱ्यांचा. पर्यायी फर्मवेअर घेणारा माणूस त्याच क्षणी दुरुस्तीची जबाबदारीही घेतो, आणि मी ती घ्यायला तयार नव्हतो. पर्यायी फर्मवेअरवरचा माझा आक्षेप फर्मवेअरवर नसून त्याच्या प्रचारावर आहे. त्या प्रचारात ही जबाबदारी क्वचितच सांगितली जाते.

मग निवड कशी करावी?

दोन्ही बाजूंमधली भिंत आता वाटते तितकी जाड राहिलेली नाही. कित्येक कंपन्यांचे फर्मवेअर आतून ओपनडब्ल्यूआरटीच्याच जुन्या आवृत्तीवर बेतलेले असते. म्हणून कोणते फर्मवेअर, यापेक्षा पुढील चार प्रश्न विचारावेत. या राऊटरसाठी शेवटची दुरुस्ती कधी निघाली? यापुढे ती कधीपर्यंत निघेल, असे कोणी लेखी सांगितले आहे का? निघालेली दुरुस्ती आपोआप बसते, की कोणाला तरी बसवावी लागते? आणि तसे असेल, तर आपल्या घरात तो 'कोणीतरी' कोण?

कंपनीच्या दुरुस्त्या येत असतील आणि घरात चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कंपनीचेच फर्मवेअर ठेवावे. मूळ पासवर्ड मात्र बदलावा. दुरुस्त्या थांबल्या असतील, राऊटर पर्यायी फर्मवेअरच्या यादीत त्याच्या नेमक्या आवृत्तीसह असेल आणि दर काही महिन्यांनी लक्ष घालणारे कोणी असेल, तर बदल जरूर करावा. दुरुस्त्याही थांबल्या आणि लक्ष देणारेही कोणी नाही, अशा वेळी नवा राऊटर घेणे हेच शहाणपणाचे. फर्मवेअर बदलून मग पाच वर्षे विसरून जाणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. त्यात दुरुस्तीही नसते आणि जाब विचारायलाही कोणी नसते.

आपल्याकडे बऱ्याच घरांत फायबरचा डबा सेवा देणारी कंपनीच बसवून जाते. तो बदलण्याची मुभा बहुधा नसते, आणि त्यात दुसरे फर्मवेअर भरण्याच्या फंदात पडूही नये. ज्यांना प्रयोग करायचा आहे, त्यांनी त्याच्या पुढे आपला वेगळा राऊटर जोडावा.

एक सावधगिरीही सांगतो. राऊटर दुरुस्त केला, म्हणजे सारे झाले असे नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या कुलूपबंद पद्धतीतच एक दोष उघड झाला, त्याला 'क्रॅक' असे नाव पडले. ओपनडब्ल्यूआरटीतून फुटून निघालेल्या आणि पुढे त्यातच विलीन झालेल्या 'लेडे' प्रकल्पाने काही दिवसांतच दुरुस्त आवृत्ती दिली. परंतु त्या हल्ल्याचा मुख्य रोख राऊटरवर नव्हता. तो मोबाइल आणि संगणकांवर होता. ती यंत्रे दुरुस्त झाली नसती, तर उत्तम राऊटरही पुरेसा पडला नसता.

हळूहळू कायदेही या प्रश्नाकडे वळू लागले आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांच्या उत्पादकाने दुरुस्ती किमान कधीपर्यंत मिळेल हे जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या अशाच कायद्यातील मुख्य बंधनांसाठी डिसेंबर २०२७ ही मुदत ठरवली आहे. इकडे ओपनडब्ल्यूआरटीने २०२४ च्या अखेरीस 'ओपनडब्ल्यूआरटी वन' हा स्वतःचा राऊटर बाजारात आणला. त्यात एक गिगाबाइट तात्पुरती स्मृती आहे, आणि चुकीचे फर्मवेअर भरले तरी सावरता यावे म्हणून दोन वेगवेगळ्या फ्लॅश स्मृती आहेत. म्हणजे माझ्यासारख्याची चूक गृहीत धरूनच तो बनवला आहे!

वर्गात करण्याजोगे

प्रत्येक विद्यार्थ्याने पालकांच्या परवानगीने आपल्या घरच्या राऊटरखालची चिठ्ठी पाहावी आणि मॉडेल, आवृत्ती व फर्मवेअरची तारीख वहीत लिहावी. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख शोधावी. दोन तारखांमधले अंतर महिन्यांत काढून वर्गाचा एक स्तंभालेख फळ्यावर काढावा. पासवर्ड मात्र कोणीही लिहू नये आणि दुसऱ्याच्या राऊटरला हात लावू नये.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी हेच करायला सांगितले. दोन दिवसांनी तो आला तेव्हा 'कोणते चांगले' हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. तो म्हणाला, "सर, आमच्या राऊटरची शेवटची दुरुस्ती मी सातवीत असताना आली होती. आता हे काम माझ्याकडे, असे घरी ठरले आहे." कोणते फर्मवेअर निवडले, हे त्याने अजून सांगितलेले नाही. पण शुद्धिपत्र कोण पाहणार, हे त्यांच्या घरी ठरले आहे, आणि तेच आधी ठरायला हवे होते.